पाथरीचे भाऊबंद आणि गोव्यातील 'नवे ख्रिस्ती' : वंश आणि धार्मिक ओळख यांचा एक तुलनात्मक विचार

प्रास्ताविक

अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा १४८७ मध्ये उभा राहिला. अमरावती जिल्ह्यातील गाविलगडाची डागडुजी त्याच्या पुढल्याच वर्षी झाली. ही दोन्ही कामे फतहुल्ला इमादुल्मुल्क याची. बहमनी राज्याचा वऱ्हाडचा हा सुभेदार १४९० च्या सुमारास स्वतंत्र झाला आणि त्याने एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर येथून इमादशाहीचा कारभार सुरू केला. वऱ्हाडच्या मध्ययुगीन इतिहासातील ही सर्वपरिचित माहिती आहे. मात्र हा फतहुल्ला मूळचा कोण, या प्रश्नाला समकालीन व नजीकच्या काळातील साधने एकच उत्तर देत नाहीत. सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरच्या आश्रयाने लिहिणारा फिरिश्ता त्याला विजयनगरच्या प्रदेशातील कानडी हिंदू म्हणतो. बालपणी तो युद्धात पकडला गेला, मुसलमान झाला आणि वऱ्हाडच्या सरदाराच्या सेवेत वाढला, असे तो सांगतो. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर हत्तींना पकडून धरणाऱ्या दुतोंडी पक्ष्याचे जे शिल्प आहे, त्याचा संबंध अभ्यासकांनी विजयनगरच्या गंडभेरुंडाशी लावला आहे. याउलट फिरिश्त्याच्या चार दशके आधी गोव्यात लिहिणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता वऱ्हाडच्या इमादुल्मुल्काला चेर्केस वंशाचा आणि मूळचा ख्रिस्ती ठरवतो. पोर्तुगीजांच्या तोंडी या पदवीचे 'माद्रेमालुको' असे रूप झाले होते. ज्यांना पदवीचा उच्चार नीट साधला नाही, त्यांनी वंशाची माहिती कितपत नीट मिळवली असेल, अशी शंका येथे स्वाभाविक आहे. फिरिश्त्याचा वृत्तान्तच अधिक विश्वसनीय मानला जातो आणि ते योग्यच आहे.

तथापि ओर्ताची ही नोंद चुकीची म्हणून बाजूला सारण्यासारखी नाही. दख्खनच्या एकेका सत्ताधीशाचा मूळ वंश आणि मूळ धर्म तो काळजीपूर्वक नोंदवतो. बिदरच्या बरीदालाही तो हंगेरियन व पूर्वीचा ख्रिस्ती म्हणतो. धर्म बदललेल्या माणसाच्या मागे त्याचा जुना धर्म नोंदवण्याची ही सवय कोठून आली? हे लिहिणारा माणूस स्वतः बाप्तिस्मा दिलेल्या यहुदी कुटुंबातला होता. आपल्या पुस्तकात त्याने दुसऱ्यांचे मूळ अनेकदा सांगितले, स्वतःचे एकदाही सांगितले नाही. धर्मांतर झाल्यावर वंशाचे काय होते, या प्रश्नाचे युरोपातील उत्तर आणि दख्खनमधील उत्तर सोळाव्या शतकात एकमेकांसमोर आले, ते ओर्तासारख्या माणसांच्या आयुष्यात. प्रस्तुत निबंधात या दोन उत्तरांचा विचार केला आहे.

बाप्तिस्मा आणि रक्त

मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मशास्त्राची अधिकृत भूमिका स्पष्ट होती. बाप्तिस्मा झाला की माणूस नवा झाला. त्याचा पिता कोण होता याला मोक्षाच्या दृष्टीने अर्थ नाही. व्यवहार मात्र या भूमिकेवर नेहमी चालला नाही. ११३० मध्ये रोममध्ये पोपपदासाठी दोन दावेदार उभे राहिले. त्यांपैकी अनाक्लेट दुसरा हा पिएर्लेओनी या धनाढ्य घराण्यातला होता. त्याचा पणजोबा यहुदी धर्म सोडून ख्रिस्ती झाला होता. तीन पिढ्या उलटल्या होत्या, घराणे पोपांच्या राजकारणात मुरले होते. तरीही क्लेरव्होच्या बर्नार्डसारख्या संताने एका यहुद्याच्या संततीने पीटरचे आसन बळकावले, असा आक्षेप घेतला. पुढे संत म्हणून गौरवलेल्या धर्मपुरुषाने राजकीय लढाईत हे हत्यार उचलले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

यहुदी बाजूलाही वंशाचे महत्त्व कमी नव्हते. यहुदी मातेच्या पोटी जन्मलेला तो यहुदी, हा धर्मशास्त्राचा नियम. अकराव्या शतकात फ्रान्समधील त्र्वा येथील राशी या भाष्यकाराने धर्म सोडलेला यहुदीसुद्धा यहुदीच राहतो, असा निर्वाळा दिला. १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धाच्या वेळी ऱ्हाईन नदीकाठच्या यहुद्यांना बळजबरीने बाप्तिस्मा देण्यात आला होता. त्यांना परतीचा दरवाजा उघडा ठेवणे राशीच्या निर्वाळ्यामुळे सोपे झाले. म्हणजे येथे वंशाचे तत्त्व करुणेच्या बाजूने वापरले गेले. दुसऱ्या टोकाला बाराव्या शतकातील मायमोनिडीझ आहे. ओबद्या नावाच्या एका धर्मांतरिताने त्याला विचारले होते की, प्रार्थनेत 'आमच्या पूर्वजांचा देव' असे शब्द येतात; माझे पूर्वज तर इस्रायली नव्हते, मी ते म्हणावेत काय? मायमोनिडीझने होकारार्थी उत्तर दिले. जो अब्राहामाचा मार्ग स्वीकारतो त्याचा अब्राहाम हाच पिता, असा त्याचा युक्तिवाद होता. पूर्वज जन्माने मिळतात तसे आचरणानेही मिळू शकतात, हे मध्ययुगातील एका श्रेष्ठ यहुदी पंडिताने सांगितले होते.

स्पेनमध्ये या विचाराला उलटी कलाटणी मिळाली. जून १३९१ मध्ये सेव्हिल येथे यहुद्यांविरुद्ध दंगल उसळली व ती अनेक शहरांत पसरली. जीव वाचवण्यासाठी हजारो यहुद्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढल्या दोन पिढ्यांत या नवख्रिस्त्यांना पूर्वी यहुद्यांना बंद असलेली पदे खुली झाली. ते नगरपालिकांत आले, करवसुलीत आले, चर्चमध्येही आले. येथेच जुन्या ख्रिस्त्यांचा रोष सुरू झाला. १४४९ मध्ये राजाचा मंत्री आल्व्हारो द लूना याने तोलेदो शहराकडे दहा लाख मरावेदींची मागणी केली. वसुलीशी संबंध असलेल्या आलोन्सो कोता या नवख्रिस्ती व्यापाऱ्याचे घर जमावाने जाळले. शहराचा ताबा घेतलेल्या पेरो सार्मिएन्तोने मग एक फर्मान काढले. यहुदी वंशाच्या कोणाही ख्रिस्त्याने तोलेदोत सार्वजनिक पद धारण करू नये, त्याची साक्षही ग्राह्य धरू नये, असा त्याचा आशय होता. रक्तशुद्धीच्या म्हणजे 'लिंपिएझा दे सांग्रे'च्या नियमांचा आरंभ या फर्मानापासून धरतात. कराच्या भांडणातून निघालेली ही गोष्ट पुढे धर्मरक्षणाचे रूप घेऊन उभी राहिली.

त्या वेळी चर्चने तिला विरोध केला, हे विसरता कामा नये. पोप निकोलस पाचवा याने त्याच वर्षी सप्टेंबरात आज्ञापत्र काढून तोलेदोकरांचा निषेध केला. बुर्गोसचा बिशप आलोन्सो द कार्ताहेना याने ख्रिस्ती समाजाच्या एकतेच्या समर्थनार्थ ग्रंथ लिहिला. हा आलोन्सो स्वतः एका धर्मांतरित रब्बीचा पुत्र. पूर्वाश्रमीचा सोलोमन हलेव्ही त्याच शहराचा बिशप झाला आणि त्यानंतर त्याचा मुलगाही. युक्तिवाद भक्कम होता, पण तो हरला. १४७८ मध्ये पोपच्या संमतीने स्पेनमध्ये इन्क्विझिशन म्हणजे धर्मसमीक्षणाचे न्यायासन स्थापन झाले. १४९२ मध्ये यहुद्यांना देशाबाहेर काढण्यात आले. १५४७ मध्ये खुद्द तोलेदोच्या प्रधान चर्चने रक्तशुद्धीचा नियम स्वीकारला. त्यानंतर पद हवे असणाऱ्याने आपली वंशावळ सादर करायची, चर्चच्या चौकशी अधिकाऱ्यांनी उमेदवाराच्या आजोळी व मूळ गावी जाऊन वृद्धांच्या साक्षी घ्यायच्या, अशी पद्धत रूढ झाली. जात पडताळणीसाठी पणजोबाच्या नोंदी शोधणाऱ्या महाराष्ट्रातील वाचकाला ही कागदपत्रे ओळखीची वाटतील. हेतू मात्र अगदी विरुद्ध आहेत. येथे वंचिताला त्याचा हक्क मिळावा म्हणून वंशावळ पाहतात. तेथे मिळालेला हक्क काढून घेण्यासाठी ती पाहिली जात होती.

पोर्तुगालमध्ये तर बाहेर जाण्याचाही पर्याय उरला नाही. स्पेनमधून १४९२ मध्ये निघालेले अनेक यहुदी पोर्तुगालमध्ये आले होते. राजा मानुएलने १४९६ च्या डिसेंबरात हद्दपारीचा हुकूम काढला. १४९७ मध्ये मात्र त्याने बहुतेकांना जाऊ न देता बळाने बाप्तिस्मा दिला. आधी चौदा वर्षांखालील मुले आईबापांपासून ओढून नेली गेली. त्यानंतर वीस वर्षे या नवख्रिस्त्यांच्या श्रद्धेची चौकशी होणार नाही, असे आश्वासन राजाने दिले. त्यांच्या श्रद्धेबद्दल राजालाही भ्रम नव्हता, असाच याचा अर्थ होतो. एप्रिल १५०६ मध्ये लिस्बनमध्ये त्यांची भीषण कत्तल झाली आणि १५३६ मध्ये पोर्तुगालमध्येही इन्क्विझिशन आले.

गार्सिया द ओर्ता

गार्सिया द ओर्ताचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालच्या सीमेवरील कास्तेलो द व्हीदे या गावी झाला. त्याचे आईवडील १४९२ मध्ये स्पेन सोडून आलेल्यांपैकी होते व १४९७ मध्ये ख्रिस्ती झाले होते. म्हणजे गार्सिया हा जन्मतः ख्रिस्ती. त्याला सोडण्यासारखा दुसरा धर्म कागदोपत्री नव्हताच. सालामांका व आल्काला येथे वैद्यक शिकून १५३४ मध्ये तो मार्तिम आफोन्सो द सौझाच्या आरमाराबरोबर भारतात आला. गोव्यात त्याने वैद्यकी केली, व्यापार केला. १५५४ च्या सुमारास मुंबई बेट त्याला पट्ट्याने मिळाले. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात भारतातील वनस्पती व औषधी द्रव्ये यांचे वर्णन आहे. हळद, हिंग, नारळ, आंबा, फणस अशा आपल्या घरच्या वस्तू तेथे प्रथमच युरोपच्या वाचकापुढे इतक्या तपशिलाने आल्या. स्पेनमध्ये असतो तर गॅलेनविरुद्ध बोलण्याचे धाडस केले नसते, असे त्याने एके ठिकाणी सुचवले आहे. हे वाक्य वैद्यकापुरतेच होते की आणखी कशाला उद्देशून होते, हे वाचकाने ठरवावे.

समुद्र ओलांडल्याने त्याला सुरक्षितता मिळाली, पण ती पुरती नव्हती. १५४३ मध्ये, इन्क्विझिशन गोव्यात येण्याआधीच, जेरोनिमो दियस या नवख्रिस्ती वैद्याला यहुदी मताचा ठपका ठेवून गोव्यात मारून जाळण्यात आले. ओर्ता तेव्हा त्याच शहरात त्याच व्यवसायात होता. १५४६ मध्ये फ्रान्सिस झेवियरने पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून भारतात इन्क्विझिशन पाठवण्याची विनंती केली. १५४७ मध्ये ओर्ताच्या बहिणींना लिस्बनमध्ये अटक झाली. सुटका झाल्यावर १५४९ मध्ये आई व बहिणी गोव्याला त्याच्याकडे आल्या. गोव्याचे न्यायासन १५६० मध्ये स्थापन झाले. ओर्ता १५६८ मध्ये मरण पावला तो सन्मानाने, चर्चच्या विधींसह. त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात त्याची बहीण कातारिना पकडली गेली. घरच्याच माणसांच्या जबान्यांतून मृत गार्सियाही गुप्तपणे मोशेचा धर्म पाळत होता, असे नोंदवले गेले. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी कातारिनाला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये ओर्ताची हाडे कबरीतून उकरून जाळण्यात आली.

तो खरोखर मनाने यहुदी होता काय? छळाखाली दिलेल्या जबान्यांवरून याचा निर्णय करणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. एवढे मात्र निश्चित की, त्याच्यावर संशय येण्याचे मूळ कारण त्याचे कोणतेही कृत्य नव्हते, तर त्याचे आईवडील होते. नवख्रिस्ती घरात शनिवारी स्वच्छ चादर अंथरली, डुकराचे मांस टाळले, दिवा लवकर लावला, तर तो पुरावा होई. जुन्या ख्रिस्त्याच्या घरी तेच घडले तर ती केवळ सवय असे.

पाथरीचा परगणा

ओर्ताचा एक रुग्ण आणि आश्रयदाता अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा हा होता. ओर्ताने त्याच्याविषयी आदराने लिहिले आहे. निजामशहाने त्याला आपल्या दरबारी राहण्यासाठी मोठे वेतन देऊ केले होते, परंतु ओर्ताने ते स्वीकारले नाही. अहमदनगरला तो जात असे, तेथील हकिमांशी औषधींवर वाद करत असे. या दोघांच्या भेटीकडे वैद्यकाच्या इतिहासकारांनी पुष्कळ लक्ष दिले. वंशाच्या दृष्टीने मात्र ती फारशी पाहिली गेली नाही. वैद्य हा यहुदी वंशाचा ख्रिस्ती होता आणि राजा हा ब्राह्मण वंशाचा मुसलमान होता.

निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचा पिता मलिक हसन हा फिरिश्त्याच्या मते पाथरीच्या कुलकर्णी ब्राह्मणाचा मुलगा. घराणे विजयनगरच्या मुलखात गेले होते, तेथे हा मुलगा बहमनी सैन्याच्या हाती लागला. त्याचे मूळ नाव तिमाभट व बापाचे नाव बहिरू असे दिले जाते. त्यावरूनच 'बहिरी' हे उपनाम आले, अशी व्युत्पत्ती सांगतात. पाथरी आज परभणी जिल्ह्यात आहे. पंधराव्या व सोळाव्या शतकात मात्र ती वऱ्हाडात मोडत होती, इमादशहाच्या ताब्यात होती. निजामशाहीची सत्ता स्थिर झाल्यावर पाथरीचे ब्राह्मण भाऊबंद अहमदनगरला आले. आपले मूळ गाव आपल्या राज्यात असावे, असे निजामशहाला वाटले. त्याने वऱ्हाडच्या अलाउद्दीन इमादशहाला पाथरीच्या बदल्यात दुसरा, अधिक उत्पन्नाचा मुलूख देऊ केला. इमादशहाने नकार दिला व पाथरीला तटबंदी घातली. १५१८ मध्ये निजामशाही फौजेने पाथरी जिंकली. इमादशहाने गोवळकोंड्याच्या मदतीने ती परत मिळवली. १५२७ मध्ये बुऱ्हाणने पुन्हा घेतली. मग हा परगणा त्याने आपल्या ब्राह्मण नातलगांना इनाम दिला आणि तो अकबराच्या काळापर्यंत त्यांच्या वंशात चालला, असे फिरिश्ता नोंदवतो.

वऱ्हाड आणि अहमदनगर यांच्यातील वैराची एक गाठ अशी वंशाशी बांधलेली आहे. १५७४ मध्ये मूर्तझा निजामशहाने वऱ्हाड जिंकून नरनाळ्यापर्यंत इमादशाही संपवली, त्याची कारणे अर्थातच पाथरीपुरती नव्हती. पण पाथरीचे प्रकरण निव्वळ भावनेचे होते, असेही समजू नये. गोदाकाठची ही सुपीक जमीन कोणत्याही राजाला हवीच होती. फिरिश्त्याने जो हेतू सांगितला त्याला त्या काळच्या लोकांनी हेतू म्हणून स्वीकारले, हे येथे महत्त्वाचे आहे. मुसलमान सुलतानाने आपल्या हिंदू चुलत्यांसाठी लढाई करावी व त्यांना इनाम द्यावे, यात त्याच्या इस्लामविषयी शंका घेण्यासारखे काही आहे, असे कोणाला वाटले नाही. हाच बुऱ्हाण १५३७ मध्ये शाह ताहिरच्या प्रभावाने शिया पंथाकडे वळला. त्यावरून अहमदनगरात मोठा क्षोभ झाला, पण तेव्हाही त्याच्यावर आरोप झाला तो पंथ बदलल्याचा. ब्राह्मण आजोबाचा उल्लेख कोणी पुरावा म्हणून केला नाही. नातलग असणे म्हणजे एकीकडे इनामदार असणे, दुसरीकडे साक्षीदार असणे. ओर्ताच्या घरात जे नाते मृत्यूनंतरही जाळले गेले, ते निजामशहाच्या घरात सनदेवर चढले.

यावरून दख्खनला उदारतेचे प्रशस्तिपत्र देण्याची घाई करू नये. फतहुल्ला काय किंवा मलिक हसन काय, दोघेही स्वखुशीने मुसलमान झालेले नव्हते. ते युद्धात पकडलेली मुले होती. वंशाचा प्रश्न दख्खनमध्येही रक्त सांडत होता, फक्त रेषा वेगळ्या ठिकाणी होती. दख्खनी व परदेशी म्हणजे आफाकी सरदारांच्या वैरात १४८१ मध्ये महमूद गावानसारखा वजीर बळी पडला. मलिक हसन त्या कटात होता, असे मानले जाते. राजघराण्यांना उंची वंशही हवा असे. बहमनींनी आपले नाते इराणच्या प्राचीन बहमनाशी जोडले, विजापूरच्या युसूफ आदिलशहाला फिरिश्त्याने उस्मानी सुलतानाचा पुत्र केले. खुद्द निजामशाहीच्या दरबारी इतिहासकाराने, सय्यद अली तबातबाने, सोळाव्या शतकाच्या शेवटी संस्थापक अहमदचा संबंध बहमनी राजवंशाशी लावला आहे. ब्राह्मण कुलकर्ण्यापेक्षा बहमनी राजपुत्र हा पूर्वज अधिक शोभिवंत, हे उघड आहे. तरीही येथे वंश प्रतिष्ठेचा विषय होता. श्रद्धेची कसोटी म्हणून तो वापरला गेला नाही.

गोव्याच्या चर्चमधील जात

गोव्यात स्थानिक हिंदू मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांचा वंश पुसला गेला नाही. बामण, चारडे, शूद्र असे भेद ख्रिस्ती समाजातही टिकले आणि लग्नसंबंधांत पाळले गेले. चर्चच्या अधिकारपदांवर मात्र गोऱ्यांचाच हक्क राहिला. दिवाडी बेटावरील ब्राह्मण कुळातील मातेउस द काश्त्रू याला गोव्याच्या आर्चबिशपने दीक्षा नाकारली. तो रोमला गेला, तेथे धर्मगुरू झाला आणि १६३७ मध्ये बिशप होऊन परतला. गोव्यातील पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी त्याला अखेरपर्यंत मानले नाही. जेझुइट संघाने १५९३ मध्ये यहुदी व मुसलमान वंशाच्या उमेदवारांना बंदी घातली होती. १६०८ मध्ये ती पाच पिढ्यांच्या चौकशीपर्यंत सैल झाली. गोव्याच्या इन्क्विझिशनचे लक्ष आरंभीच्या दशकांत यहुदी वंशाच्या नवख्रिस्त्यांवर होते. पुढे ते हिंदू रीती पाळणाऱ्या स्थानिक ख्रिस्त्यांकडे वळले. ओवाळणे, तुळशीवृंदावन, लग्नातली गाणी यांवरही मनाई आली. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध करून त्याची मराठी अभ्यासकांना ओळख करून दिली. पोर्तुगालमध्ये जुने व नवे ख्रिस्ती हा कायदेशीर भेद १७७३ मध्ये पोंबालने रद्द केला. गोव्याचे न्यायासन पुढल्याच वर्षी बंद झाले, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले व १८१२ मध्ये कायमचे संपले.

शनवार तेली

याच काळात निजामशाहीच्या कोकणात, पोर्तुगीजांच्या चौल ठाण्यापासून काही कोसांवर, यहुदी वंशाचाच आणखी एक समाज राहत होता. बेने इस्रायलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, धर्मग्रंथ समुद्रात गेले. ते तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. मराठी ही त्यांची भाषा झाली, गावांवरून किहीमकर, दिवेकर, पेणकर अशी आडनावे झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात पश्चिम आशियाई यहुदी व भारतीय असे दोन्ही वंश आढळले आणि त्यांचे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचे म्हणजे मध्ययुगातील असल्याचा अंदाज काढला गेला. मायमोनिडीझने १२०० च्या सुमारास एका पत्रात भारतातील यहुद्यांना शनिवार व सुंता यांखेरीज धर्माचे काही माहीत नाही, असे लिहिले आहे. त्याच्या मनात हेच लोक होते की नाही, हे त्या पत्रावरून ठरत नाही. वर्णन मात्र जुळते.

चौलच्या पाद्र्यांनी या तेल्यांना त्रास दिल्याची आठवण त्यांच्या परंपरेत नाही. इन्क्विझिशनचा अधिकार प्रामुख्याने बाप्तिस्मा झालेल्यांवर चाले. ज्याच्या पणजीने कधी मोशेचे नाव घेतले होते अशा ख्रिस्त्याला गोव्यात भय होते. उघडपणे शब्बाथ पाळणारा तेली शेजारच्या मुलखात निर्धास्त होता.

त्यांचे यहुदीपण कसे ओळखले गेले, याची त्यांच्यातलीच कथा बोलकी आहे. डेव्हिड राहाबी नावाचा एक विद्वान यहुदी कोकणात आला. त्याने या लोकांची परीक्षा पाहण्यासाठी बायकांसमोर निरनिराळे मासे ठेवले. खवले व पर असलेले मासे त्यांनी वेगळे काढले, उरलेले आम्ही खात नाही म्हणाल्या. राहाबीने वंशावळ मागितली नाही. ग्रंथ हरवलेल्या समाजाचा धर्म स्वयंपाकघरात शाबूत होता. गोव्यात ज्या प्रकारच्या आहाराच्या सवयीवरून कातारिनासारख्या स्त्रिया दोषी ठरत, तशाच सवयीवरून कोकणातल्या स्त्रिया आपल्या ठरल्या.

पण बेने इस्रायल समाजातही वंशाने रेषा ओढली होती. गोरे इस्रायल व काळे इस्रायल असे दोन गट होते. स्थानिक स्त्रियांशी झालेल्या संबंधांतून जन्मलेल्यांची संतती म्हणून काळ्यांना लग्नसंबंधांत दूर ठेवत. आचरण दोघांचे सारखेच होते. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये पुरा केलेला आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेला समाजाचा इतिहास या भेदाची दखल घेतो. त्यांच्या पूर्वजांना ज्या मापाने मुंबईत मोजले गेले तेच माप त्यांच्यात होते: १८३६ मध्ये बगदादहून आलेल्या यहुद्यांनी दफनभूमीत आपल्या व बेने इस्रायलांच्या कबरींमध्ये भिंत घालण्याची मागणी केली होती.

१९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. १९६२ मध्ये तेथील मुख्य रब्बींनी विवाह नोंदणाऱ्यांना सूचना दिली की, बेने इस्रायल वधूवरांच्या बाबतीत आई, आजी असे शक्य तितके मागे जाऊन चौकशी करावी. ज्यांची आडनावे पूर्वज कोणत्या गावी वसला हे सांगतात, पण आजीची आई कोण हे सांगणारा कागद ज्यांच्याकडे नाही, त्यांच्यावर ही सूचना लागू झाली. मुंबई व कोकणातून गेलेली मराठी बोलणारी कुटुंबे जेरुसलेममध्ये निदर्शनांना बसली. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी आहेत, असे जाहीर केले. त्यानंतर रब्बींनी सूचनेतून समाजाचे नाव वगळले आणि त्या जागी ज्याच्या वंशाविषयी शंका असेल असा कोणीही, असे शब्द घातले.